मला पिशवी काढायची नव्हती

मौद्याजवळच्या वीजकेंद्रात मी पाणी तपासते. बॉयलरमध्ये जाणारं पाणी किती शुद्ध आहे, त्यात क्षार किती आहेत, हे प्रयोगशाळेत बसून पाहायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. इथे दहा वर्षं झाली. सकाळी सातला नागपुरातून कंपनीची बस निघते आणि तासाभरात आम्हाला तिथे पोचवते. एकाच बसने जाणारी माणसं पुढे पुढे एकमेकांची जागासुद्धा घेत नाहीत. माझी जागा डाव्या बाजूची, शेवटून दुसरी, खिडकीजवळची.

अठ्ठेचाळिसावं लागलं आणि माझी पाळी बिघडली. आधी दोन-दोन महिने यायची नाही. मला वाटलं, चला, सुटलो. मग आली ती जाईचना. बारा दिवस, पंधरा दिवस. एकावर एक दोन पॅड लावून, वर काळी सलवार घालून मी बसमध्ये बसायची आणि उठताना ओढणी मागे सारखी करायची. सीटवर बसण्याआधी पिशवीतून एक प्लास्टिक काढून अंथरायची. शेजारी कोणी बसत नसे, त्यामुळे ते कोणाला दिसलंही नसेल.

एका सकाळी ते प्लास्टिक घरी राहिलं. वीजकेंद्राच्या गेटशी बस थांबली, सगळे उतरले आणि मी बसूनच राहिले. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. मी बाटलीतलं पाणी रुमालावर ओतून सीट पुसायला लागले, तसा तो उठून मागे यायला निघाला आणि निम्म्या वाटेत थांबला.

"चहा सांडला," मी म्हटलं.

"राहू द्या ना मॅडम," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "चहाच आहे. मी धुऊन घेतो."

मी ओढणी कमरेला गुंडाळून उतरले. चहा मी बसमध्ये कधी प्यालेच नव्हते, हे त्याला ठाऊक होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्याच्याकडे पाहून हसू शकले नाही, आणि मनातून मात्र त्याच्याइतकं जवळचं मला त्या दिवसांत कोणी वाटत नव्हतं.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या जिन्यावर मला चक्कर आली. आमच्या प्रथमोपचार केंद्रातल्या नर्सबाईंनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसात होतं. "मॅडम, तुम्ही चालता कशा?" असं म्हणून त्यांनी मला तिथेच खाटेवर झोपवलं आणि नागपूरला डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठी दिली.

पहिल्या डॉक्टरांकडे मी बसमधल्या कोणीतरी नाव सांगितलं म्हणून गेले. त्यांनी सोनोग्राफीचा कागद पाहिला, माझं वय पाहिलं, फॉर्मवरचा 'पतीचे नाव' हा रकाना रिकामा पाहिला.

"पिशवी काढून टाकू," ते म्हणाले. "तुम्हाला तिचा आता काय उपयोग?"

मी सोनोग्राफीचा कागद उचलून पर्समध्ये घातला. त्यांना वाटलं मी घाबरले, म्हणून त्यांनी आवाज मऊ केला. "सगळ्या बायका काढतात. एकदा काढली की कटकट गेली."

तिथून निघून मी मेट्रोत बसले. सीताबर्डीला गाडी बदलायची होती. बदलली नाही. तशीच शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले आणि परत आले. दुपारची वेळ, डबा थंडगार, समोर कॉलेजच्या दोन मुली एकच इअरफोन वाटून घेऊन बसलेल्या. मी स्वतःला विचारत होते की एवढं वाईट काय वाटलं? मूल मला नव्हतंच होणार. लग्न केलं नाही. आधी भावाचं बस्तान बसायचं होतं, मग आईचं दुखणं होतं, मग मला विचारणारं कोणी उरलं नाही. त्या अवयवाने मला आजवर दुखण्यापलीकडे काही दिलं नव्हतं. तरी त्यांनी 'उपयोग काय' म्हटलं तेव्हा ते फक्त पिशवीबद्दल बोलत आहेत असं मला वाटलं नाही.

दुसरी भीती साधी होती. ऑपरेशन म्हणजे महिना-दीड महिना घरी. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. मानेवाड्याला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मला पाणी कोण देणार होतं?

नर्सबाईंनीच मग धंतोलीतल्या एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. त्या सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी मला दहा मिनिटं बोलू दिलं, हेच मला नवीन होतं. त्या म्हणाल्या, आधी आतल्या अस्तराचा तुकडा तपासू, काही वाईट नाही ना ते बघू. त्या आठ दिवसांत मी रोज रात्री एकच भात-वरण लावून जेवले, कारण दुसरं काही करायला सुचत नव्हतं. रिपोर्ट चांगला आला.

मग त्यांनी कागदावर पेनाने पिशवी काढली, उलट्या नासपतीसारखी, आणि तिच्यात इंग्रजी टी.

"हे बसवता येईल."

"म्हणजे तांबी?"

"तांबीसारखीच दिसते. पण हिच्यात तांबं नाही, हॉर्मोन आहे. ते थोडं थोडं आत झिरपतं, अस्तर पातळ राहतं, रक्तस्राव कमी होतो. पुष्कळ जणींचा तर थांबतोच. पण लगेच नाही. पहिले तीन-चार, कधी सहा महिने थोडं थोडं लागत राहील, तेव्हा तुम्ही मला शिव्या द्याल. काहींना जमत नाही, काहींची निसटते. गोळ्याही आहेत. आणि ऑपरेशनचा रस्ता कुठे जात नाही, तो शेवटी आहेच." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "घाई नाही. घरी बोला आणि सांगा."

घरी मी तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावला. दोन दिवसांनी काढून कपाटात ठेवला, न जाणो कोणी आलं तर. कोणी येत नव्हतं.

घरी बोला. आई असती तरी बोलले असते का, कोण जाणे. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा आजीने घरातला विटाळ त्याच दिवशी बंद केला म्हणतात. आमच्या घरात कोणी बाई कधी बाजूला बसली नाही. मला पाळी आली त्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात बोलावून मुद्दाम पोळ्या लाटायला लावल्या होत्या आणि म्हणाली होती, "आपल्यात असलं काही नसते. शिवाशिव नाही, काही नाही." मला तिचा अभिमान वाटला होता. पण पोळ्या लाटून झाल्यावर पुढचं काहीच ती बोलली नाही. विटाळ गेला, त्याच्या जागी बोलणं मात्र आलं नाही. तिची स्वतःची पाळी कधी गेली, कशी गेली, मला माहीत नव्हतं. त्या वर्षांत मी चंद्रपूरला पहिल्या नोकरीवर होते. पंधरवड्याने घरी यायची, तेव्हा ती नेहमीसारखी दिसायची, जरा पिवळी.

शेवटी एका रविवारी मी महाल भागात भावाकडे गेले. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो शाळेची व्हॅन चालवतो. तो घरी नव्हता, टायर बघायला गेला होता, आणि म्हणूनच मला बोलता आलं. वहिनी मेथी निवडत होती. मीही एक जुडी पुढे ओढली आणि सांगितलं.

वहिनीचा हात थांबला. "तांबी? तुमाले काहून पायजे वं ताई तांबी?"

"तांबी नाही. हॉर्मोनची कॉइल. रक्त कमी व्हायले."

"तेच ते. मूल होऊ नये म्हणून बसवतात ते." तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कोणी आहे का? मले सांगा, मी यांले नाही सांगत."

मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नसावा, कारण ती पुढे कितीतरी वेळ माझ्याकडे नव्या नजरेने बघत राहिली. मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर क्षणभर बरं वाटलं. एकोणपन्नासाव्या वर्षी माझं काही गुपित असू शकतं, असं त्या घरात कोणाला तरी वाटलं होतं.

मग ती म्हणाली, "मी तर एकेचाळीसलेच पिशवी काढून टाकली. माझ्या दोन्ही बहिणींनी काढली. एकदाचा ताप गेला."

"मग बरं वाटलं?"

"पाळी गेली." तिने देठांचा ढीग कागदात गुंडाळला. "कंबर धरून राहते तेव्हापासून. रात्री अंग पेटते. पण कोणाले सांगू? डॉक्टर म्हणते वय झालं. एकेचाळीसले काय वय झालं होतं माझं?"

हे तिने मला चार वर्षांत सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. दवाखान्यात मी तिला पाहायला गेले होते, सफरचंदं घेऊन, आणि अर्ध्या तासात परत आले होते.

मी तरीही ठरवलं नाही. मोबाइलवर वाचत बसायची. एक बाई लिहायची, माझं आयुष्य बदललं. तिच्या खालची लिहायची, तीन महिन्यांत काढून टाकली, डोकं दुखून वेड लागायची पाळी आली. दोघी खऱ्या असणार. पण माझ्यासारखं शरीर कोणाचं, हे कसं कळणार? प्रयोगशाळेत मी नमुना घेते, तपासते, आकडा लिहिते. इथे आधी बसवायची आणि मग कळणार. लोहाच्या गोळ्या खात मी दोन महिने घालवले.

नोव्हेंबरात एका सुट्टीच्या दिवशी सकाळी उठले तर चादर, खालची जाड चादर, गादी, सगळं भिजलेलं. त्या आठवड्यातली तिसरी वेळ. चादरी भिजवल्या आणि गादी गॅलरीत उन्हात टाकावी म्हणून ओढायला लागले. खोलीच्या दारापर्यंत नेली, मग मागून ढकलायला लागले. दारात ती वाकून अडकली, ना पुढे ना मागे. मी जोर लावला तसे डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी गादीच्या अलीकडे, खोलीत अडकले होते. स्वयंपाकघर, मोरी, बाहेरचं दार, सगळं पलीकडे. खाली जमिनीवर बसून मी भिंतीला टेकले आणि मला रडू आलं. बाजूच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. हाक मारली असती तर कोणीही आलं असतं. पण त्या गादीकडे बघून मी काय सांगणार होते?

फोन हाताशी होता. मी धंतोलीला फोन लावून तारीख मागितली.

"तुमचं बाळंतपण झालेलं नाही ना, तर मॅडम थोडी गुंगी देऊन बसवतील," पलीकडची मुलगी म्हणाली. "सोबत कोणीतरी आणा. एकट्या येऊ नका."

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "येते ना मी. त्यात काय."

ठरलेल्या दिवशी सकाळी साडेआठला खाली हॉर्न वाजला. मी जिना उतरले तर शाळेची पिवळी व्हॅन उभी, आणि व्हॅनमध्ये भाऊ एकटा.

"तिची कंबर धरली," तो समोर बघत म्हणाला. "उठताच येऊन नाही राहिलं. म्हणे तू जाय."

"तुझ्या पोरांचं?"

"सकाळची सोडली. आता साडेबारापर्यंत मोकळा आहो."

वहिनीने त्याला काय सांगितलं होतं, मला माहीत नव्हतं. त्यानेही विचारलं नाही. धंतोलीपर्यंत आम्ही रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोललो.

दवाखान्यात बाकांवर सगळ्या पोटुशा मुली आणि त्यांचे नवरे. माझा भाऊ, पंचेचाळिशी उलटलेला, डोक्याला टक्कल, हातात माझी पर्स. नर्सने बाहेर येऊन विचारलं, "पेशंटचे मिस्टर कोण?"

"मी भाऊ आहो," तो उठून म्हणाला.

तिने त्याच्या हातात चिठ्ठी दिली. "खालच्या मेडिकलमधून एवढं घेऊन या."

मला ते आधी माहीत असतं तर मी स्वतः आणलं असतं. पण तो जिना उतरलाही होता. दहा मिनिटांनी तो परत आला तो लांबट पांढरा डबा दोन्ही हातांनी धरून. डब्यावर ते कशासाठी वापरतात ते इंग्रजीत छापलेलंच असतं, आणि इंग्रजी त्याला वाचता येतं. त्याने डबा नर्सला दिला आणि माझ्या शेजारी येऊन बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "एवढा मोठा डबा, पण वजनच नाही त्याले."

आत मला कमी वेळ लागला असावा. आठवतं ते एवढंच की डॉक्टरबाईंनी माझं नाव विचारलं आणि मी प्रयोगशाळेचं नाव सांगितलं. मग शुद्धीवर आले तेव्हा ओटीपोटात पिळवटून येत होतं आणि कोणीतरी पायांवर शाल टाकली होती. "नीट बसली आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन दिवस दुखेल. शेकत राहा."

भावाने मला व्हॅनमध्ये मागच्या बाकावर आडवं व्हायला सांगितलं. ते बाक लहान मुलांचे. गुडघे पोटाशी घेऊन झोपावं लागलं. तो अगदी सावकाश चालवत होता. अजनीजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा तो मागे न वळता म्हणाला,

"आईलेही असंच होत होतं वं ताई."

"काय?"

"हेच. तू चंद्रपूरले होती. लय जात होतं तिचं. एक दिवस मोरीतच पडली. मी ऑटोत टाकून सरकारी दवाखान्यात नेलं. दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं. एक मी दिली."

मी उठून बसले. पोटात कळ आली तरी बसले. "मले काहून नाही सांगितलं?"

"ती म्हणे, ताईले नको सांगू. ती उगाच सुट्टी टाकून येईल, नवी नोकरी आहे." सिग्नल सुटला. मागून कोणी हॉर्न वाजवला. "मग वर्षभरात आपोआप थांबलं तिचं. तिने मले कधी त्याच्यानंतर सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण कपडे धुवायची तेव्हा मोरीचं दार लावून घ्यायची, तर मले समजत होतं."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. आईचं रक्त, मोरी, ऑटो, दवाखाना, हे सगळं घडलं होतं आणि त्यात मी नव्हते. त्याला ते सव्वीस वर्षं ठाऊक होतं. मला वाटत होतं की बाईचं दुखणं बाईलाच कळतं, आणि आमच्या घरात ते एका मुलाने एकट्याने उचलून ऑटोत घातलं होतं. मला आईचा राग आला, मग त्याचा आला. मग लक्षात आलं की मीही त्याला काहीच सांगितलं नव्हतं. त्याच्याच घरी जाऊन, तो टायर बघायला गेला असताना बोलले होते.

त्याने मला जिन्यावरून वर सोडलं, पाणी गरम करून रबरी पिशवीत भरून दिलं, घरून आणलेला वरणाचा डबा ओट्यावर ठेवला. घड्याळ पाहिलं. बारा वाजून गेले होते. शाळा सुटायची वेळ.

"जाऊ का?"

"जाय. पोरं उभी राहतील."

तो गेला. त्याच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आला, मग व्हॅन सुरू झाल्याचा. मला त्याला अजून विचारायचं होतं. आई ऑटोत काय बोलली, कोणाच्या खांद्यावर डोकं होतं, तिने हात धरला होता का. नंतर मी दोनदा विचारायचा प्रयत्न केला. एकदा वहिनी समोर होती. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "आता आठवत नाही वं ताई, लय दिवस झाले," आणि उठून व्हॅन पुसायला गेला. त्या एका सिग्नलपुरतं त्याला ते बोलता आलं होतं. कदाचित मी मागे झोपले होते आणि तोंड दिसत नव्हतं, म्हणून.

डॉक्टरबाईंचं खरं ठरलं. साडेचार महिने रोज थोडं थोडं लागत राहिलं, कधी तपकिरी, कधी नुसता डाग. मार्चमध्ये मी दोनदा फोन उचलला की काढूनच टाका म्हणून. दोन्ही वेळा ठेवला. एप्रिलमध्ये एक आठवडा कोरडा गेला. मग दुसरा. मे महिन्यात नर्सबाईंनी बोट टोचलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेअकरा निघालं आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जूनमध्ये मी फिकट आकाशी कुर्ता घालून बसमध्ये बसले. सगळ्यांना तो नवीन वाटला. तो चार वर्षं कपाटात होता.

आता वर्ष उलटून गेलं. सगळं बरं आहे. मला कोणी विचारलं तर मी सांगेन की बसव, पण आधी डॉक्टरांशी नीट बोल, आणि सहा महिने सोसायची तयारी ठेव. अजून कोणी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मला आधी कळली नव्हती. गेल्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा मी डॉक्टरबाईंना विचारलं, "माझी पाळी आता गेली का?"

"कॉइलमुळे बंद आहे की वयामुळे, हे आता नुसतं बघून सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "असूनही नसल्यासारखं, किंवा नसूनही कळत नाही, असं. रक्त तपासून थोडा अंदाज येईल. बघायचं आहे का?"

मी नको म्हटलं. पाणी तपासण्यात जन्म गेला, पण हे तपासावंसं वाटलं नाही.

म्हणजे माझी शेवटची पाळी कोणती, हे मला कधी कळणार नाही. पहिलीचा दिवस मला आठवतो, वारसुद्धा आठवतो. शेवटची त्या डागांमध्ये कुठेतरी होऊन गेली असेल, किंवा अजून आत चुपचाप येत-जात असेल. प्रयोगशाळेत कधी कधी दुपारी एकाएकी मानेपासून कानापर्यंत गरम होतं. मी नळाखाली मनगटं धरते. सोबतचे दोघे तरुण केमिस्ट विचारतात, एसी वाढवू का मॅडम? मी म्हणते, वाढवा. ते एसी वाढवतात आणि जॅकेट घालून बसतात, आणि मी पुढचा नमुना उचलते.